पृथ्वी पडत का नाही? भास्कराचार्यांची गोष्ट



मागच्या आठवड्यात पाचवीच्या वर्गात पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवला होता. भारत कुठे, महाराष्ट्र कुठे, आपले नाशिक साधारण कुठे येईल, हे सगळं पाहून झालं. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी पुढे आली. तिने गोलाच्या अगदी खालच्या बाजूला बोट लावलं आणि विचारलं, की इथली माणसं खाली पडत कशी नाहीत? आणि हा एवढा मोठा गोल तरी कशावर ठेवलाय?

सगळा वर्ग खो खो हसला. मुलगी बिचारी मान खाली घालून जागेवर जाऊन बसली. मग हसणाऱ्यांना एकेक करून उभं केलं आणि उत्तर विचारलं. एकालाही सांगता आलं नाही!

मुलांनो, त्या मुलीचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. पावणेनऊशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका माणसाने नेमका हाच प्रश्न आपल्या ग्रंथात घेतला होता. त्या माणसाचे नाव भास्कराचार्य. या वेळचे भित्तिपत्रक त्यांच्यासाठी आणि त्या मुलीसाठी आहे.

जन्माचे साल एका कोड्यात

जुन्या काळच्या मोठ्या माणसांचा जन्म कधी झाला, हे बहुतेक वेळा सापडत नाही. भास्कराचार्यांनी मात्र स्वतःचे जन्मसाल स्वतःच लिहून ठेवले. पण कसे? आकड्यांत नाही, शब्दांत! त्या काळी आकड्यांना शब्द ठरलेले असत. रस सहा म्हणून रस म्हणजे ६. गुण म्हणजे ३. पूर्ण म्हणजे शून्य. मही म्हणजे पृथ्वी, ती एकच, म्हणून १. हे आकडे उलट्या बाजूने मांडायचे. मांडून पाहा बरं. शके १०३६! त्यात ७८ मिळवले की इसवी सन १११४.

त्यांच्या वडिलांचे नाव महेश्वर. ते स्वतः ज्योतिषी व गणिती होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. म्हणजे घर हीच शाळा. सह्याद्रीच्या कुशीतल्या विज्जलविड नावाच्या गावाचे आम्ही, असे भास्कराचार्यांनी लिहिले आहे. हे गाव म्हणजे आजचे कोणते, यावर विद्वानांत मतभेद आहेत. काहींच्या मते ते आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातले, चाळीसगावजवळचे पाटण. मनमाडहून नांदगाव मागे टाकून रेल्वेने चाळीसगावला जाता येते आणि तिथून डोंगराच्या अंगाला पाटण आहे. मतभेद असले तरी एक गोष्ट पक्की आहे. या घराण्याचे नाव दगडावर कोरलेले सापडले, ते याच पाटणला. ती हकिगत पुढे येईलच.

आपल्या जिल्ह्याशीही त्यांचा धागा आहे बरं का. ज्या यादव घराण्याची सुरुवातीची राजधानी आपले सिन्नर, त्याच घराण्याच्या दरबारात पुढे भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव मानाला चढले.

छत्तीसाव्या वर्षी मोठा ग्रंथ

इसवी सन ११५० मध्ये, वयाच्या छत्तीसाव्या वर्षी, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग. लीलावती म्हणजे अंकगणित आणि भूमिती. बीजगणित तर नावावरूनच कळते. ग्रहगणितात चंद्र, सूर्य, ग्रह यांच्या गतीची आणि ग्रहणांची गणिते. आणि गोलाध्याय म्हणजे पृथ्वीचा गोल व आकाशाचा गोल कसा आहे, याची समजूत.

लीलावती ही त्यांची मुलगी, असे सांगतात. तिच्या लग्नाच्या वेळी घटिकापात्रात मोती पडला, भोक बुजले आणि मुहूर्त टळला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती गोष्ट भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबर बादशहाच्या दरबारातील फैजी याने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्यात ती आली आणि पसरली. म्हणून ती गोष्ट म्हणून ऐकावी, इतिहास म्हणून सांगू नये. ग्रंथातली गणितं मात्र खरीखुरी गमतीची आहेत. त्यात भुंगे आहेत, हत्ती आहेत, खांबावरचा मोर आहे आणि बिळाकडे धावणारा सापही आहे!

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. त्याचे उत्तर गोलाध्यायात आहे.

त्याच्या खाली काय?

पृथ्वी कशावर टेकली आहे? जुन्या कथांत कुणी शेषनाग सांगतो, कुणी कासव, कुणी आठ दिशांचे हत्ती. भास्कराचार्यांना या कथा ठाऊक होत्या. पण गणित करणाऱ्या माणसाला पुढचा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. पृथ्वीखाली नाग असेल, तर नागाखाली काय? तिथे आणखी कुणी असेल, तर त्याच्याखाली? असे कितीही खाली गेले तरी शेवट सापडायचा नाही. कुठेतरी थांबून म्हणावेच लागेल, की हा शेवटचा जो कुणी आहे तो कशावरही न टेकता स्वतःच्या शक्तीने राहतो.

मग भास्कराचार्यांचे म्हणणे असे, की शेवटच्याला अशी शक्ती मानायची, तर पहिल्यालाच का मानू नये? पृथ्वीच स्वतःच्या शक्तीने आकाशात राहते, असे म्हटले की काम भागले. जसा विस्तवात उष्णपणा आणि दगडात कठीणपणा, तसा हा पृथ्वीचा स्वभाव.

केवढा साधा विचार, आणि केवढा धीट! त्यांनी कुणाची टिंगल केली नाही. नुसते आणखी एकदा विचारले, की त्याच्या खाली काय?

पण वर फेकलेला दगड खाली का येतो? याचेही उत्तर त्यांनी दिले. पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे. आकाशातली जड वस्तू ती आपल्याकडे ओढते. आपल्याला वाटते वस्तू पडली. खरे म्हणजे ती ओढली गेली. आणि पृथ्वीच्या चहूबाजूंना आकाश सारखेच आहे, मग पृथ्वीने स्वतः पडायचे तरी कुठे? खाली ही दिशा आपल्यासाठी आहे, कारण आपण पृथ्वीवर आहोत. पृथ्वीला कसले आले वर आणि खाली!

पृथ्वी वस्तूंना ओढते, हे सांगणारे भास्कराचार्य पहिलेच नव्हेत. त्यांच्या पाचशे वर्षे आधी ब्रह्मगुप्तानेही तसे लिहिले होते. भास्कराचार्यांनी ते इतके नीट पटवून दिले, की वाचणाऱ्याला शंका राहू नये.

आणि गोलाच्या खालच्या बाजूची माणसं? त्यासाठी त्यांनी पाण्याचा दाखला दिला. तुम्ही गोदावरीच्या घाटावर किंवा गावच्या तळ्याच्या काठावर उभे राहा. पाण्यात तुमचे प्रतिबिंब दिसते. पाय पायाला लागलेले, डोके खाली. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला राहणारी माणसे आपल्या मानाने अशीच उलटी आहेत. पण त्यांना काही त्रास नाही. आपण इथे जसे निवांत उभे आहोत, तशीच ती तिथे उभी आहेत. त्यांच्या मानाने आपणच उलटे!

गोल आहे, तर सपाट का दिसते?

कुणी म्हणेल, आपले शेत तर सपाट दिसते. यालाही उत्तर तयार. भास्कराचार्य सांगतात, वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच दिसतो. पृथ्वी एवढी मोठी आणि माणूस एवढासा. त्याला दिसणारा तुकडा सपाटच वाटणार.

हे आपल्याला मैदानात करून पाहता येईल. मधे खुंटी ठोकून पाच मीटर दोरीने मोठे वर्तुळ आखा. त्याचा परिघ भरेल सुमारे ३१ मीटर. त्याचा शंभरावा भाग म्हणजे ३१ सेंटीमीटर, आपल्या फूटपट्टीएवढा. आता आखलेल्या रेघेवर फूटपट्टी ठेवा. मधोमध जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरची फट दिसेल. वर्तुळ आहे हे माहीत नसेल, तर कुणीही तिला सरळ रेघ म्हणेल.

पृथ्वीचा परिघ त्यांनी ४,९६७ योजने दिला आहे आणि व्यास १,५८१ योजनांहून किंचित जास्त. परिघाला व्यासाने भागून पाहा. ३.१४१६ येते! तो मोजायचा कसा, हेही सांगितले. एकाच दक्षिणोत्तर रेषेवरची दोन गावे घ्यायची. दोन्हीकडून ध्रुवतारा किती उंच दिसतो ते मोजायचे आणि दोन गावांतले अंतर मोजायचे. मग त्रैराशिक मांडायचे. विषुववृत्तापासून उज्जैन हे परिघाच्या सोळाव्या भागाइतके उत्तरेला आहे, असा त्यांचा हिशोब होता. आज पृथ्वीचा परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे हे आपण जाणतो. त्याचा सोळावा भाग २,५०० किलोमीटर. उज्जैनचे खरे अंतर सुमारे २,५७० किलोमीटर. दुर्बीण नसताना, घड्याळ नसताना, एवढे जवळचे उत्तर!

कोणकोणती यंत्रे वापरावीत, याचाही एक अध्याय त्यांनी लिहिला. त्यात सगळ्यात भारी यंत्र म्हणून कशाची वाहवा केली असेल? धीयंत्राची. धी म्हणजे बुद्धी. हातात एक साधी सरळ काठी आणि डोक्यात बुद्धी, एवढ्यावर झाडाची उंची आणि लांबचे अंतर मोजता येते, असे ते सांगतात.

त्यांचे काय चुकले?

मोठ्या माणसाच्या चुका सांगू नयेत असे काहींना वाटते. आपण सांगू या. भास्कराचार्यांनी जुन्यांना जसे नीट तपासले, तसेच आपण त्यांना तपासले पाहिजे.

पृथ्वी स्थिर आहे आणि सूर्य तिच्याभोवती फिरतो, असे ते मानत. आज आपल्याला ठाऊक आहे, की पृथ्वीच सूर्याभोवती फिरते.

त्या काळी काही पंडित म्हणत, की पृथ्वी सारखी खाली खाली पडते आहे. भास्कराचार्यांनी विचारले, की मग वर फेकलेला दगड परत जमिनीवर कसा येतो? पृथ्वी त्याच्यापेक्षा कितीतरी जड. ती अधिक वेगाने पडायला हवी आणि दगड तिला कधीच गाठू शकणार नाही. निरीक्षण बरोबर, पण कारण कच्चे. हवेचा अडथळा नसेल तर जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने पडते, हे पुढे समजले.

तिसरी चूक फार गमतीची. आऱ्यांमध्ये पारा भरलेले, आपोआप फिरत राहणारे एक चाक त्यांनी वर्णिले आहे. असे चाक चालत नाही. ऊर्जा काही फुकट मिळत नाही. एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, एवढेच. आपल्या इगतपुरी तालुक्यात वैतरणेच्या धरणाचे पाणी उंचावरून खाली सोडतात, त्याने चाके फिरतात आणि वीज तयार होते. पृथ्वीने ओढलेल्या पाण्याचीच ती शक्ती. पण खाली गेलेले पाणी आपोआप वर येत नाही. त्याला वर न्यायला सूर्याने समुद्र तापवावा लागतो, ढग व्हावे लागतात, पाऊस पडावा लागतो.

आणखी एक गोष्ट. पृथ्वी ओढते हे भास्कराचार्यांनी सांगितले, पण किती जोराने ओढते, हे मोजायचा नियम त्यांनी दिला नाही. तो इंग्लंडच्या न्यूटनने १६८७ मध्ये दिला. जी ओढ झाडावरच्या फळाला खाली आणते, तीच चंद्रालाही पृथ्वीभोवती धरून ठेवते आणि पृथ्वीला सूर्याभोवती. अंतर दुप्पट झाले तर ओढ चौथाई, तिप्पट झाले तर नववा हिस्सा. या नियमाने ग्रहांच्या वाटा मोजता आल्या. म्हणून न्यूटनचे सगळे आपल्याकडे आधीच होते, अशी बढाई मारू नका. आणि आपल्याकडे काहीच नव्हते, असे कुणी म्हटले तर तेही ऐकून घेऊ नका. विहीर एकजण खणायला घेतो, दुसरा आणखी खोल जातो, तेव्हा कुठे पाणी लागते.

ती विहीर अजून खणली जातेच आहे. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. त्यावरून असे निघाले, की फार मोठ्या वस्तू एकमेकींवर आदळल्या तर अवकाशात लाटा उठतात, तळ्यात दगड टाकल्यावर उठतात तशा. शंभर वर्षे त्या कुणाला प्रत्यक्ष टिपता आल्या नव्हत्या. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन ठिकाणच्या यंत्रांनी त्या टिपल्या. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती, त्याची ती थरथर! चार-चार किलोमीटर लांबीचे दोन हात असलेले असेच यंत्र आपल्या महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ येथे उभारायला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. म्हणजे पृथ्वीच्या ओढीचा विचार फिरून फिरून पुन्हा मराठी मुलखात आला.

पळी पळी तेल

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, भास्कराचार्यांनी करणकुतूहल हा आणखी एक ग्रंथ लिहिला. पंचांगाची गणिते सोपी करून देणारा. म्हणजे म्हातारपणीही लेखणी हातात होती.

पण मुलांनो, ग्रंथ लिहून झाला म्हणजे तो टिकतोच असे नाही. तेव्हा छापखाने नव्हते. हाताने नकला करायच्या, गुरूने शिकवायचे, शिष्याने पाठ करायचे. एक पिढी जरी आळसावली, की झाले! मग हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला कसा?

याचे एक उत्तर पाटणच्या देवळातल्या शिलालेखात आहे. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचून १८६५ मध्ये त्याची माहिती विद्वानांपुढे ठेवली. चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघण याच्या दरबारातला मुख्य ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. मठ म्हणजे त्या काळची शाळाच. तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेव राजाने १२०७ साली श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, त्या मठाला दान दिले. चंद्रावर पृथ्वीची गोल सावली पडलेली असताना गोलाध्याय शिकवणाऱ्या शाळेला दान! याहून चांगली वेळ कोणती?

आणि दान कसले? शिलालेखाच्या शेवटच्या ओळी त्या काळच्या मराठीत आहेत. बाजारात जो माल विकला जाईल, त्यावर राजाला मिळणारा कर मठाला द्यावा. गावात जे तेलाचे घाणे आहेत, त्या प्रत्येक घाण्याने पळी पळी तेल द्यावे. असे त्यात सांगितले आहे. त्या घाणेवाल्यांना ग्रहगणित येत होते का? बहुधा नसेल. पण त्यांच्या तेलावर गणिताची शाळा चालली.

आपल्या शाळेची गोष्ट तरी वेगळी कुठे आहे? ज्याला सही करता येत नाही असा माणूसही कर भरतो, शाळेच्या भिंतीसाठी चार घमेली वाळू टाकून जातो. पृथ्वीला टेकू लागत नाही, हे भास्कराचार्यांनी दाखवून दिले. पण विद्येला टेकू लागतो, आणि तो असा पळी पळीने द्यावा लागतो.

आता तुमची पाळी

१९७९ मध्ये भारताने पृथ्वीची पाहणी करणारा एक उपग्रह आकाशात सोडला. १९८१ मध्ये दुसरा. दोन्हींना भास्कर हे नाव दिले. पृथ्वीच्या ओढीवर विचार करणाऱ्याचे नाव घेऊन ते यान त्याच ओढीने पृथ्वीभोवती फिरले.

आज रात्री अंगणात या. उत्तरेकडे तोंड करून ध्रुवतारा शोधा. हात ताठ समोर धरा आणि मूठ वळा. क्षितिजापासून वर एकावर एक मुठी ठेवत जा. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. आपल्याकडे ध्रुवतारा दोन मुठी वर दिसेल, कारण नाशिक विषुववृत्तापासून वीस अंश उत्तरेला आहे. म्हणजे आपण गोलावर कुठे उभे आहोत, हे कुणी न सांगता कळले. भास्कराचार्यांना जे कळले होते, ते तुम्हाला तुमच्या मुठीने कळेल.

आणि हो, पाचवीतल्या त्या मुलीला उद्या भेटा. ती दुपारच्या सुट्टीत गोलापाशी उभी असते. तिने आणखी एक प्रश्न शोधून ठेवला आहे. पृथ्वी सगळ्यांना ओढते, तर आपण पृथ्वीला ओढतो का?

उत्तर माहीत असेल त्याने या पत्रकाखाली कागद लावावा. माहीत नसेल त्याने हसू नये, शोधावे.